आंघोळीचा तास

मला आंघोळ करता येत नाही, असा निकाल गेल्या आठवड्यात एका आजीबाईंनी दिला. तो आता अख्ख्या वाडीला माहीत आहे.

वाडी टांझानियातली. किलिमांजारोच्या दक्षिण उतारावर, मोशी शहराच्या वर, केळी आणि कॉफीच्या बागांत. लातूरकडे झेडपीच्या शाळेत जन्मभर गणित शिकवून निवृत्त झाले. घरी बसून सुनेच्या फोडणीत चुका काढण्यापेक्षा कुठेतरी उपयोगी पडावं, म्हणून स्वयंसेवक शिक्षिका झाले. एका संस्थेने इथल्या एका कुटुंबात राहायची सोय केली. प्रवासाचं सांगत नाही. विमान लांबचं होतं आणि गुडघे माझे होते.

आल्याच्या दुसऱ्या दिवशी टॉवेल खांद्यावर टाकून न्हाणीकडे निघाले, तर वाटेत घरच्या आजी. इथे आजीला बीबी म्हणतात. कमरेला रंगीत खांगा, एका हातात बादली, दुसऱ्या हातात मग. मागे माध्यमिक शाळेत जाणारी नात, दुभाषी म्हणून. बीबींनी मला अंगणातल्या स्टुलावर बसवलं आणि आंघोळ शिकवायला घेतली.

कपड्यांसकट, कोरडीच, पण साग्रसंगीत. आधी बादली वर धरून दाखवली. नात म्हणाली, "ही बादली." मी म्हटलं, "बरं." मग रिकामा मग बादलीत बुडवून खांद्यावर ओतला. बोटभर अदृश्य साबण घेऊन कोपर चोळलं, मान चोळली, काखेशी आल्यावर थांबून माझं लक्ष आहे ना ते पाहिलं. तेवढ्यात शेजारीण मीठ मागायला आली, ती मीठ विसरून उभीच राहिली. गोठ्यातली गायही मान बाहेर काढून बघायला लागली. इथे गाय चरायला सोडत नाहीत, जागेवर वैरण घालतात. त्यामुळे तिलाही दुसरी करमणूक नसावी.

खरी मजा पुढे झाली. बीबींनी पाणी आधी डोक्यावर ओतलं, आणि शेजारणीला ते पटलं नाही. पाय आधी, असं तिचं म्हणणं. दोघींची जुंपली. शेजारीण स्वतःच्या पावलांवर अदृश्य पाणी ओतून दाखवतेय, बीबी तिच्या हातातून मग ओढून घेतायत, आणि मी टॉवेल मांडीवर घेऊन स्टुलावर. शेवटी नातीने मला विचारलं, "तुमच्या देशात आधी काय?" मी खरं ते सांगितलं. रोज पाय आधी, न्हायचा दिवस असेल तर डोकं आधी. नातीने ते सांगितल्यावर दोघींनी माझ्याकडे एकाच वेळी अशा नजरेने पाहिलं, की आता हिला मुळापासून शिकवावं लागणार.

आणि मग बीबींनी मुख्य मुद्दा काढला. पाणी जपून वापरायचं. बोट नाचवत सांगितलं. मागच्या पाहुणीने सगळी बादली एकदम अंगावर ओतली होती आणि दुसरी मागितली होती. तसं चालणार नाही.

इथे मात्र माझ्या डोक्यात तिडीक गेली. अहो, मी लातूरची! २०१६च्या उन्हाळ्यात आमच्याकडे मिरजेहून रेल्वेने पाणी आलं. पहिल्या खेपेला १० वाघिणी, ५ लाख लिटर. टाक्यांभोवती जमावबंदी लावली होती, पाण्यावरून माणसं एकमेकांच्या अंगावर जाऊ नयेत म्हणून. आमच्या गल्लीत भाजी धुतलेलं पाणी भांड्याला, भांड्याचं फरशीला आणि फरशीचं संडासात जायचं. आंघोळ परातीत उभं राहून, म्हणजे तेही पाणी वाया जाऊ नये. पाण्याच्या काटकसरीत मला शिकवायला त्या बीबींच्या बीबींना यावं लागेल. आणि हे सगळं मी कुठे बसून ऐकत होते? त्यांच्या घरामागे बारा महिने पाट वाहतो. इथल्या चग्गा लोकांनी शेकडो वर्षांपूर्वी डोंगरातून खणून आणलेले पाट आहेत हे, अजून वाहतात, केळीच्या बागा त्यांच्यावरच उभ्या आहेत. पाटाच्या खळखळाटामुळे बीबींचं पाणी बचतीचं व्याख्यान मला अधूनमधून ऐकूच येत नव्हतं.

मी काही बोलले नाही. म्हटलं, करूनच दाखवू. न्हाणीत गेले आणि तीन मगांत आंघोळ उरकली. पाऊण बादली शिल्लक ठेवून, मोठ्या दिमाखात बाहेर आणून बीबींसमोर ठेवली. त्यांनी बादलीत वाकून पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. माझा कान ओढून मागे बघितलं. नातीला काहीतरी म्हणाल्या. नात लाजत म्हणाली, "आजी म्हणते, पाणी थंड वाटत असेल तर उद्या तापवून देऊ. पण आंघोळ करायला हवी."

रविवारी चर्चहून परतणाऱ्या बायका फाटकाशी थांबून मला 'पोले' म्हणाल्या. कुणाचं काही दुखलंखुपलं की इथे तसं म्हणतात. एकीने तर साबण आणून दिला. निळा, कपड्यांचा.

बीबींना तरी काय बोलणार? संस्थेने यजमानांना एक माहितीपत्रक दिलंय. पाहुण्यांना बादलीतून आंघोळ येत नाही, त्यांना उकिडवं बसता येत नाही, हाताने जेवता येत नाही, तर समजून घ्या. युरोपातून येणाऱ्या मुलामुलींसाठी लिहिलेलं ते पत्रक माझ्या कपाळी आलं. पहिल्या रात्री पानात उगाली वाढली, सोबत राजम्यासारखी उसळ आणि माठाची भाजी. उगाली म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा. बाकी सगळ्यांनी हात धुतले आणि मला चमचा दिला. मी चमचा बाजूला ठेवून घास मोडला, अंगठ्याने खळगा केला, भाजी उचलली. घरातल्यांनी टाळ्या वाजवल्या. जन्मभर भाकरी खाल्लेल्या बाईला घास उचलल्याबद्दल टाळ्या! एवढ्या टाळ्या निरोप समारंभातही पडल्या नव्हत्या.

हसण्यावारी नेते आहे, पण एक सांगते. फुकट शिकवण्यासाठी या संस्थेला पैसे मी भरले आहेत. पेन्शनीतले. त्यात 'सांस्कृतिक परिचय' असं वेगळं कलम होतं, म्हणजे स्टुलावरची ती आंघोळ मी विकत घेतली. आणि शाळेत काय? वेळापत्रकात माझ्या नावापुढे 'गाणी व खेळ'. इथे प्राथमिक शाळा स्वाहिलीत आणि माध्यमिक एकदम इंग्रजीत. वर गेल्यावर पोरं गणितात नाही, गणिताच्या भाषेत अडतात. हे मी सेमी-इंग्रजीच्या वर्गात डोळ्यांनी पाहिलंय, त्यावर काय करायचं तेही थोडं कळतं. मुख्याध्यापकांना सांगितलं. ते फार सज्जन आहेत, म्हणाले, आधीचे पाहुणे गाणी छान घ्यायचे. ज्या देशात पहिल्या राष्ट्राध्यक्षांना, न्येरेरेंना, लोक आजही 'म्वालिमू' म्हणजे गुरुजी म्हणतात, तिथे मी टाळ्या वाजवत वर्तुळात फिरते आहे. गुडघे तेच.

माझ्याबरोबर आलेली जर्मन मुलगी रस्त्याने निघाली की पोरं आनंदाने 'म्झुंगू', म्हणजे गोरी, असं ओरडत मागे धावतात. मला बघून 'मुहिंदी', म्हणजे भारतीय, म्हणतात आणि मोठी माणसं भाव विचारतात. मोशीच्या बाजारात गुजरात-कच्छकडून आलेल्यांची दुकानं पिढ्यान् पिढ्या आहेत, म्हणून माझंही एखादं असणार. पलीकडच्या घरातला एक गृहस्थ तर रोज संध्याकाळी येतो. त्याला घरावर पत्रे घालायचेत. बाजारातला पत्रेवाला भारतीय, म्हणजे माझा भाऊ, तर मी शब्द टाकावा. मी सांगून दमले की तो कच्छी, मी मराठवाड्यातली, आमची भाषासुद्धा एक नाही. तो समजुतीने मान हलवतो. भावाबहिणींत वितुष्ट असतं, त्यालाही दोन भाऊ आहेत.

काल तो छपराचं माप कागदावर लिहून घेऊन आला. लांबी ९ मीटर, पत्र्याची रुंदी ९० सेंटीमीटर, दोन बाजू, पत्रे २०. मी कागद पाहिला आणि राहवेना. पत्र्यावर पत्रा चढतो तो भाग त्याने धरलाच नव्हता. खडू मागवला, ओट्यावर आकृती काढली, चढणारे १५ सेंटीमीटर वजा करायला लावले, त्याच्याकडूनच भागाकार करून घेतला. एका बाजूला १२, एकूण २४. तो उकिडवा बसून मन लावून करत होता, हातचा विसरला तेव्हा स्वतःच जीभ चावली. इथे आल्यापासून मी घेतलेला हा पहिला गणिताचा तास. उत्तर आल्यावर त्याने ते दोनदा तपासलं आणि मान वर करून विचारलं, "म्हणजे म्वालिमू, वरचे चार तुमचा भाऊ फुकट देईल ना?"