"रक्तातच आहे" म्हणण्याआधी

उसेन बोल्टने २००९ साली बर्लिनमध्ये शंभर मीटर ९.५८ सेकंदांत पार केले आणि त्याच्या आडनावाचा अर्थ निघतो वीज. टेनिसमध्ये एकेरीची २४ ग्रँड स्लॅम विजेतेपदं मिळवणाऱ्या मार्गारेटचं आडनाव कोर्ट, तेही लग्नानंतर मिळालेलं. इंग्लंडमध्ये २००८ ते २०१३ मुख्य न्यायाधीश होते इगोर जज. असे योगायोग वाचायला मला मनापासून आवडतात. काही मानसशास्त्रज्ञांनी २००२ मध्ये तर दावा केला होता की डेनिस नावाची माणसं जास्त प्रमाणात डेंटिस्ट होतात. पुढे दुसऱ्या एका संशोधकाने दाखवून दिलं की डेनिस हे नाव वकिलांमध्येही जास्त सापडतं, म्हणजे ते नाव त्या पिढीतच जास्त होतं.

आपल्याकडे मात्र नाव आणि काम जुळलं तर त्याला योगायोग म्हणता येत नाही. आपली कितीतरी आडनावं कामावरूनच पडली आहेत. नाना फडणवीसांचं मूळ आडनाव भानू. हिशेबाची फडणिशी घराण्याकडे आली आणि भानूंचे फडणवीस झाले. २०२३ च्या मार्चमध्ये देवेंद्र फडणवीसांनी अर्थमंत्री म्हणून राज्याचा अर्थसंकल्प मांडला, तेव्हा आडनाव आणि काम पुन्हा जुळलं याची मला गंमत वाटली होती.

पण कुलकर्णी, देशपांडे, पाटील ही आडनावं आणि सुतार, लोहार, कुंभार, न्हावी ही आडनावं एका मापाने मोजू नयेत. पहिल्यांच्या मागे वतन होतं, जमीन होती, गावात मान होता. दुसऱ्यांना सुगीला खळ्यावर जाऊन बलुतं मागावं लागे. बापाचं काम मुलाने करायचं, सोडायचं म्हटलं तरी गाव सोडू देत नसे. महारांच्या वाट्याला आलेलं वतन तर निव्वळ राबवून घेण्याचं साधन होतं. म्हणूनच बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्तीचं विधेयक आणलं. गावकामगारांची ही वतनं कायद्याने रद्द व्हायला त्यानंतरही तीस वर्षं गेली.

त्यामुळे सुतार आडनावाच्या माणसाने लाकडात किंवा दगडात सुंदर काही घडवलं की लोक चटकन "रक्तातच आहे" म्हणतात, ते मला खटकतं. म्हणणाऱ्याच्या मनात कौतुकच असतं, मान्य. पण त्या एका वाक्यात त्या माणसाची सगळी मेहनत पुसली जाते.

राम सुतारांचंच घ्या. धुळे जिल्ह्यातल्या गोंदूर गावी १९२५ साली सुतारकाम करणाऱ्या घरात जन्म. वडिलांच्या हाताखाली हत्यारं हाताळायला मिळाली, हे खरंच आणि मोलाचंही. पण श्रीराम कृष्ण जोशी नावाच्या गुरूंनी त्यांच्यातला शिल्पकार ओळखला आणि त्यांना मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये पाठवलं. तिथे १९५३ मध्ये त्यांना मेयो सुवर्णपदक मिळालं. मग पुरातत्त्व खात्यात राहून त्यांनी अजिंठा-वेरूळची झिजलेली शिल्पं दुरुस्त केली. पुढे दिल्लीतली सरकारी नोकरीही सोडली. चंबळेवरच्या गांधीसागर धरणापाशी ४५ फुटी चंबळदेवी, संसदेच्या आवारातले ध्यानस्थ गांधी आणि नव्वदी ओलांडल्यावर सरदार पटेलांचा १८२ मीटर उंच पुतळा! एवढ्या उंचीवर चेहरा खालून पाहणाऱ्याला कसा दिसेल, हा हिशेब आडनाव शिकवत नाही. तो वर्षानुवर्षं माती मळून आणि मोडून पुन्हा घडवून येतो.

आणि जुळलं नाही की लोक उलट बोलतात. माझ्या ओळखीत कुंभार आडनावाची एक दातांची डॉक्टर आहे. दवाखान्याची पाटी वाचून पेशंट हमखास विचारतात, "घरचा धंदा सोडला का?" तिच्या घरात आजोबांनंतर कोणी चाकावर बसलेलं नाही. जोशी आडनावाच्या डॉक्टरला "पंचांग बघणं का सोडलंत?" असं कोणी विचारल्याचं मी तरी अजून ऐकलेलं नाही. ती बिचारी हसून वेळ मारून नेते. पण तिने का हसावं? पाटीवर आडनावापुढे बी.डी.एस. लिहिलेलं आहे, पेशंटने तेवढं वाचलं तरी पुरे.