कॅम्परच्या कूलंट गळतीबद्दलच्या तुमच्या एक-स्टार अभिप्रायाला गॅरेजचं उत्तर

नमस्कार. तुमचा अभिप्राय पूर्ण वाचला. तुमची तक्रार थोडक्यात अशी: सतरा सीटर डिझेल गाडीची कॅम्पर करून घेतलेली, गाडी जुनी, आणि आमच्या साकीनाक्याच्या गॅरेजने एकाच गळतीचे तीनदा पैसे घेतले. आधी वरचा होस (रबरी नळी), मग रेडिएटर, मग वॉटर बॉडी, म्हणजे कूलंट फिरवणारा पंप. तरीही नाशिकला जाताना कसारा घाटात तापमानाचा काटा लाल रेघेला टेकला, कूलंटची बॉटल रिकामी निघाली आणि आता आम्ही हेड गॅस्केट (इंजिनचा ब्लॉक आणि हेड यांच्यामधलं सील) तपासायचं म्हणतोय. दुसऱ्या मेकॅनिकच्या मते स्टॉप-लीकची (गळती आतून बुजवणाऱ्या औषधाची) एक बाटली ओतली असती तरी भागलं असतं. घरची माणसं सोबत असताना घाटात उभं राहावं लागलं तर राग येणारच. पण 'एकच गळती' हे आम्हाला मान्य नाही. का, ते नीट सांगतो, म्हणजे यापुढचा तुमचा पैसा योग्य जागी लागेल.

कूलिंग सिस्टीम दाबावर चालते. तुमच्या रेडिएटरच्या झाकणावर १.१ छापलंय, म्हणजे आतला दाब बाहेरच्यापेक्षा १.१ बारने वाढेपर्यंत झाकण सोडत नाही. त्या दाबामुळेच आतलं पाणी १०० अंशांना न उकळता साधारण १२० पर्यंत टिकतं. जुन्या गाडीत एखादी जागा गळत असते तेव्हा हा दाब पूर्ण चढतच नाही. ती जागा बंद केली की सगळा दाब उरलेल्या जुन्या रबरावर आणि प्लास्टिकवर येतो, आणि त्यातलं जे सगळ्यात कमजोर ते पुढे तोंड उघडतं. म्हणूनच पहिल्या जॉब कार्डावर 'सर्व होस आणि क्लिपा एकदम बदलाव्यात' असं लिहिलं होतं. तेव्हा तुम्ही फक्त वरचा होस बदलायला सांगितलात. तो तुमचा निर्णय होता आणि आम्ही तो मानला.

तो होस बाहेरून ठणठणीत दिसत होता. हे रबर बहुतेक वेळा आतून चिरतं, क्लिपपासून दोन-तीन सेंटिमीटरवर, लांबीच्या दिशेने. धातूचं तोंड आणि कूलंट यांच्यामध्ये जी विद्युत-रासायनिक क्रिया चालते तिचा हा परिणाम. इंजिन थंड असताना होस क्लिपजवळ अंगठा आणि बोटाच्या चिमटीत दाबून पाहा, मग मधोमध दाबा. टोकाला मऊ लागला किंवा आत फट जाणवली तर तो होस संपला. रेडिएटरचं दुखणं वेगळं होतं. ॲल्युमिनियमच्या जाळीवर प्लास्टिकची टाकी दाबून बसवलेली असते, त्यामधलं रबरी सील कडक झालं होतं. जुन्या पितळी रेडिएटरला डाग देऊन चालवता येतं, याला नाही. आणि वॉटर बॉडीच्या खालच्या छोट्या भोकाशी गुलाबी खपली जमली होती. ते भोक मुद्दाम ठेवलेलं असतं, आतलं सील गेलं की कूलंट तिथून बाहेर यावा म्हणून. काही जण ते एम-सीलने बुजवून देतात. तसं केलं की कूलंट बेअरिंगमध्ये शिरतो आणि पंपच जाम होतो.

आता मुद्द्याची गोष्ट. अभिप्रायात तुम्ही जाता जाता लिहिलंय, 'मागे बेडच्या पेटीजवळ गोडसर वास येतो आणि मॅट ओली असते.' आमच्या दृष्टीने अख्ख्या अभिप्रायात हे सगळ्यात महत्त्वाचं वाक्य आहे. गोडसर वास हा कूलंटमधल्या ग्लायकॉलचा.

कॅम्पर बांधणाऱ्याने आंघोळीचं पाणी तापवायला इंजिनच्या हीटर लाइनवरून दोन पाइप मागच्या टाकीपर्यंत नेलेत. जाऊन येऊन आठ मीटर तरी होतील. १६ मिलिमीटर आतल्या व्यासाच्या पाइपात मीटरमागे ०.२ लिटर कूलंट मावतो, म्हणजे दीड लिटरहून जास्त कूलंट नुसता बेडखालून फिरतोय. गाडी कंपनीतून निघाली तेव्हा ही लाइन नव्हतीच, त्यामुळे कुठल्याही पुस्तकात तिचा नकाशा सापडणार नाही. आणि पाइप कुठले, तर पुढच्या टोकाला हीटर होस आणि पुढे हार्डवेअरच्या दुकानातला जाळीचा पारदर्शक पीव्हीसी. हा पीव्हीसी ६० अंशांच्या आसपास नरम पडायला लागतो आणि तुमचं इंजिन ९० ला चालतं. गरम असताना प्लास्टिकच्या टी-जोडावर तो सैल होतो, गार झाला की पुन्हा आवळून बसतो. म्हणून पार्किंगमध्ये इंजिनखाली थेंब दिसत नाही, घाटात मात्र बॉटल रिकामी होते. जॉब कार्डावर 'मागची लाइन तपासलेली नाही, पेटी उघडायला ग्राहकाची परवानगी हवी' ही नोंद याचसाठी आहे.

ही शंका कमी खर्चात पक्की करता येते. इंजिनजवळ मागे जाणारे दोन्ही पाइप सोडवायचे आणि पुढची दोन तोंडं १६ मिलिमीटरच्या पितळी जोडाने एकमेकांना जोडायची, प्रत्येक बाजूला दोन क्लिपा लावून. मग कूलंट भरून, हवा काढून गाडी नेहमीसारखी वापरा. पातळी टिकली तर गळती मागेच आहे, आणि गॅस्केटची चाचणीही साफ निघाली तर हेड उघडायचा प्रश्नच नाही. मग तिथे पूर्ण लांबीचा ईपीडीएम (उष्णता सोसणाऱ्या रबराचा) हीटर होस घालू, चेसिसच्या भोकांत रबरी बूच बसवू, सायलेन्सरपासून होस लांब नेऊ आणि पुढे दोन बॉल व्हॉल्व्ह लावू, म्हणजे रस्त्यात कधी गरज पडली तर मागची लाइन बंद करता येईल. क्लिपा पहिल्यांदा गरम होऊन गार झाल्यावर पुन्हा आवळाव्याच लागतात. हे काम बहुतेक ठिकाणी राहून जातं.

एक काळजीची गोष्ट. आंघोळीच्या पाण्याच्या टाकीत कूलंट ज्या वेटोळ्या नळीतून फिरतो, त्या कॉइलला चीर गेली असेल तर नळाचा १२ व्होल्टचा पंप चालू असताना पाणी कूलंटमध्ये घुसतं, कारण पंपाचा दाब दोन-तीन बार असतो. पंप बंद आणि इंजिन गरम असेल तेव्हा उलट होतं, कूलंट आंघोळीच्या पाण्यात उतरतो. हा कूलंट विषारी आहे. तपासणी होईपर्यंत ते पाणी पिण्याला, स्वयंपाकाला, मुलांच्या आंघोळीला वापरू नका.

स्टॉप-लीकबद्दल, आणि हायवेवर रेडिएटरमध्ये जी हळद ओततात तिच्याबद्दलही: निर्जन ठिकाणी अडकलात तर गॅरेजपर्यंत पोहोचायला चालेल. पण ही पूड कुठल्या भोकात बसायचं ते निवडत नाही. रेडिएटरच्या बारीक नळ्या आणि तुमच्या टाकीची कॉइल आधी तुंबते. पीव्हीसीच्या हलत्या जोडावर तर तिचा थर टिकणारच नाही.

घाटानंतर तुम्ही बाटलीबाटलीने साधं पाणी भरलंत, तेही समजण्यासारखं आहे. पण हिशोब पाहा. दहा लिटरच्या सिस्टीममध्ये ५० टक्के कूलंट आहे, त्यातले तीन लिटर गळून साधं पाणी पडलं की ३५ टक्के उरतो, आणखी तीन लिटरनंतर २५ च्याही खाली. मुंबईत बर्फ पडत नाही म्हणून कूलंटची गरज नाही असं बरेच जण म्हणतात. इथे तो गंजापासून वाचवायला लागतो. टँकरचं किंवा बोअरचं पाणी तर घालूच नका, त्याचा क्षार आत थर धरतो. डिमिनरलाइज्ड, म्हणजे क्षार काढलेलं, पाणी वापरा.

आम्ही हेड गॅस्केट गेलंय असं म्हटलेलं नाही, ते तपासायचं म्हटलंय, कारण काटा लाल रेघेला टेकल्यावर ते तपासावंच लागतं. थंड इंजिन चालू केल्यावर मिनिटभरात वरचा होस दगडासारखा कडक झाला तर जळालेला गॅस कूलंटमध्ये शिरतोय. खात्रीसाठी रेडिएटरच्या तोंडाशी निळ्या द्रवाची चाचणी करतो. गॅस असेल तर द्रवाचा रंग बदलतो, डिझेलला हिरवट ते पिवळट. डिझेलला ही चाचणी इंजिनवर लोड देऊनच करावी लागते, नाहीतर गळती असूनही रंग बदलत नाही.

त्याच वेळी कॅम्परच्या इन्व्हर्टरची आणि दुसऱ्या बॅटरीची अर्थिंगही पाहू. मल्टिमीटरची काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्हला, लाल पिन कूलंटमध्ये. इन्व्हर्टर चालू केल्यावर आकडा ०.३ व्होल्टच्या वर उडी मारत असेल, तर तो करंट नवं रेडिएटरही आतून खाईल.

आमच्याकडून एवढं: दाबाची तपासणी, गॅस्केटची चाचणी आणि मागची लाइन तात्पुरती तोडून जोडणं, यांचे पैसे घेणार नाही. वॉटर बॉडी सहा महिन्यांच्या वॉरंटीत आहे, तिथून थेंब निघाला तर भाग आणि मजुरी आमची. मागच्या लाइनचं काम निघालं तर आधी लेखी अंदाज देऊ, तुम्ही हो म्हटल्यावरच हात लावू.

तोवर लांब जाऊ नका. काटा चढलाच तर एसी बंद करा, हीटर पूर्ण गरमवर आणि ब्लोअर जोरात लावा, गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करा. होस हातात धरता येईल इतका गार होईपर्यंत झाकणाला हात नको, आणि तापलेल्या इंजिनात गार पाणी अजिबात नको, हेडला तडा जातो. आमच्याकडे येताना गरजेपुरतंच भरा आणि किती भरलं ते लिहून ठेवा. आदल्या संध्याकाळी गाडी लावून जा, बेडची पेटी मोकळी करून. सकाळी थंड इंजिनावर पंप लावून १.१ बार दाब देऊ आणि वीस मिनिटं दाबाचा काटा पाहू, तेव्हा तुम्ही स्वतः समोर उभे राहा.