जपानच्या ‘कुलूपबंद’ अडीचशे वर्षांबद्दल

‘जपानने १६३९ मध्ये परकीयांना हाकललं. अडीचशे वर्षं बाहेरचा व्यापार शून्य, बाहेरचं ज्ञान शून्य. शेवटी १८५३ मध्ये अमेरिकन तोफांनी झोप मोडली.’ हा मजकूर पुन्हा फिरतोय, या वेळी शेपटाला स्वदेशीचा उपदेश लावून. गडबड वजाबाकीपासूनच आहे: १६३९ ते १८५३ म्हणजे २१४ वर्षं.

हाकलले ते पोर्तुगीज. धर्मप्रसाराचा राग होताच, त्यात शिमाबारातल्या ख्रिस्ती शेतकऱ्यांच्या बंडाने (१६३७-३८) शोगुनशाही, म्हणजे देश चालवणाऱ्या लष्करी सत्ताधीशाची, शोगुनची राजवट, धास्तावली. पण डच राहिले, नागासाकीच्या देजिमा या छोट्या कृत्रिम बेटावर, पहाऱ्यात. चिनी व्यापारी तर त्यांच्याहून कितीतरी जास्त. कोरियाशी व्यवहार त्सुशिमा बेटाच्या सरदारामार्फत चाले, आणि कोरियातल्या बुसान बंदरात जपान्यांची चांगली मोठी वखार होती.

व्यापार शून्य म्हणता, तर १७१५ चा नियम बघा: वर्षाला ३० चिनी आणि २ डच जहाजं, बस्स. मर्यादा घालावी लागली, कारण आधी चांदी आणि मग तांबं देशाबाहेर भसाभस चाललं होतं. यातलं तांबं डच जहाजांतून हिंदुस्थानात येई आणि आपल्या कोरोमंडल किनाऱ्याचं रंगीत सुती कापड जपानात जाई. तिथे त्याला ‘सारासा’ म्हणत. चहाच्या भांड्यांच्या पिशव्यांसाठी त्याचे तुकडेसुद्धा जपून ठेवत. १७२८ मध्ये तर व्हिएतनामहून चिनी जहाजाने हत्ती आला! शोगुन योशिमुनेला दाखवायला तो नागासाकीहून एदोपर्यंत, म्हणजे शोगुनच्या राजधानीपर्यंत (आजचं टोकियो), चालवत नेला.

याच योशिमुनेने १७२० मध्ये परदेशी पुस्तकांवरची बंदी सैल केली, ख्रिस्ती धर्माची सोडून. १७७१ मध्ये सुगिता गेनपाकु हा वैद्य आणि त्याचे सोबती डच शरीरशास्त्राचं पुस्तक घेऊन एदोत एका शवविच्छेदनाला गेले. आतड्या-काळजाची चित्रं तंतोतंत जुळली. डच भाषा धड येत नसताना तिघाचौघांनी भाषांतराला हात घातला आणि १७७४ मध्ये ते छापलंही.

सामान्य जपानी माणसाला मात्र देश सोडायची बंदी होती, १६३५ पासून, देहदंडाच्या धाकाने. कुलूप खरोखर होतं ते हे, आणि नेमकं त्याचंच नाव त्या मजकुरात नाही.

राहिली तोफांची गोष्ट. चीनची अफूच्या युद्धात काय गत झाली, हे एदोला ठाऊक होतं. १८४४ मध्ये डच राजाने दार उघडा म्हणून पत्र धाडलं. शोगुनशाहीने नकार कळवला. १८५३ मध्ये तोफा घेऊन आलेल्या अमेरिकन नौदल अधिकारी पेरीचं आरमार येणार ही खबरही डचांनी १८५२ मध्येच दिली होती आणि मुख्य मंत्री आबे मासाहिरोने ती काही निवडक सरदारांच्या कानावर घातली होती.