माझ्याच वहीला दुसऱ्याचे कुलूप

काल इतवारीतल्या माझ्या दुकानात जुने गिऱ्हाईक दोन वर्षांपूर्वीच्या बिलाची प्रत मागायला उभे होते आणि संगणकावरच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये बिलाऐवजी ‘आपली वर्गणी संपली आहे, नूतनीकरण करा’ एवढी एकच पाटी झळकत होती. बिले माझी, गिऱ्हाइके माझी, रात्री जागून भरलेल्या नोंदी माझ्या. मग कुलूप दुसऱ्याचे कसे? वस्तू व सेवा कर कायदा सांगतो की वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने हिशेब जपून ठेवा, आणि हे सॉफ्टवेअर वर्गणी चुकताच दुसऱ्या दिवशी दार लावते! वडिलांच्या लाल खतावण्या आजही माळ्यावर आहेत. त्या उघडायला कोणी भाडे मागितले नाही. अ‍ॅडोब कंपनीने २०१३ मध्ये फोटोशॉपसारख्या आपल्या सॉफ्टवेअरच्या पुढच्या आवृत्त्या केवळ वर्गणीवर देण्याचे जाहीर केले, आणि आता तर फोटो साठवण्यापासून हिशेबापर्यंत सगळेच भाड्याचे झाले आहे. घेताना एक बटण पुरते, सोडताना मात्र चार पाने, तीन विनवण्या आणि शेवटी फोन करा म्हणून सांगणे. हा सरळ व्यवहार आहे का? नवी बिले करू देऊ नका, पण जुनी तरी मला वाचू द्या!