‘हप्ता कशातनं भरायचा?’ : शिरोलीच्या ताईंना उत्तर

ताई, नमस्कार.

कर्जाच्या विम्यावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही जे लिहिलंत ते बाकीच्यांनाही कळावं म्हणून आधी थोडक्यात सांगतो. तुमचे मालक शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत कामाला. कामावर छातीत दुखलं, दवाखान्यात नेलं, अँजिओप्लास्टी झाली, दोन स्टेंट बसले आणि तीन महिने घरी बसावं लागलं. घरकर्ज देताना बँकेनं ‘कर्ज सुरक्षा’ विमा गळ्यात मारला होता. त्यावर क्लेम केला, तर कंपनीचं एका ओळीचं पत्र आलं : अँजिओप्लास्टी पॉलिसीत बसत नाही. पुढं तुम्ही लिहिता, "क्लेम करा, क्लेम करा म्हणताय, आम्ही केला की. चपला झिजल्या. वर म्हणताय हप्ता चुकवू नका. घरात माणूस झोपून हाय, हप्ता कशातनं भरायचा? आजारी माणसाला असल्या नादाला लावू नका."

तुमचा राग मला पटतो. सल्ला मात्र पटत नाही, आणि तो वाचून आणखी कुणी हातपाय गाळून बसू नये म्हणून हे उत्तर लांब लिहितोय. ‘विमावाले काय देत नसतात’ असं एकदा गल्लीत ठरलं की ज्यांचा क्लेम सरळ बसतो ती माणसंही कागद कपाटात ठेवून देतात. वर्ष उलटतं, मुदत जाते आणि मग खरोखरच काही हाती लागत नाही.

आधी तुमच्या मालकांच्या क्लेमचं बोलू, कारण तो संपलाय असं मला वाटत नाही.

फॉर्म एका ओळखीच्या माणसानं भरून दिला आणि आजाराच्या रकान्यात ‘अँजिओप्लास्टी’ लिहिलं, असं तुम्ही म्हणता. अँजिओप्लास्टी हा उपचार झाला. आजार कोणता होता, ते त्या फॉर्मवर आलंच नाही. मोठ्या आजारांच्या व्याख्या विमा नियामकानं, म्हणजे आयआरडीएआयनं, सगळ्या कंपन्यांसाठी एकसारख्या ठरवून दिल्या आहेत. त्यात छाती उघडून केलेली बायपास धरतात आणि त्याच कलमात अँजिओप्लास्टी स्पष्ट वगळली आहे. काही पॉलिसींत ती वेगळी घेतलेली असते, पण कंपनीच्या पत्रावरून तुमच्यात ती नाही असं दिसतं. म्हणजे रकान्यात जे लिहिलं होतं, कंपनीनं तेवढ्यालाच उत्तर दिलं. त्याच यादीत ‘पहिला हार्ट अटॅक’ हेही कलम असतं. तुमच्या क्लेममध्ये त्याकडे कुणी बघितलेलंच नाही.

त्या कलमाला तीन गोष्टी एकदम लागतात : छातीत दुखण्यासारखी लक्षणं, ईसीजीत नव्यानं दिसलेला बदल आणि रक्तात वाढलेलं ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की वाढणारं द्रव्य) किंवा तसं दुसरं द्रव्य. हृदयाला रक्त कमी पडून नुसती कळ येते, त्या अंजायनाला हे कलम लागू होत नाही. आणखी एक बारीक अट आहे. ट्रोपोनिन स्टेंट टाकल्यानंतर वाढलेलं असेल तर ते चालत नाही, कारण त्या प्रक्रियेमुळंही ते वाढू शकतं.

म्हणून आता डिस्चार्ज कार्ड काढा. वरच्या बाजूला ‘डायग्नोसिस’ असतं, त्यापुढची ओळ वाचा. तिथं ‘एमआय’ (मायोकार्डियल इन्फार्क्शन, म्हणजे हार्ट अटॅक) ही अक्षरं आहेत, की ‘अनस्टेबल अंजायना’ लिहिलंय? मग रक्ताचा रिपोर्ट घ्या. नमुना कधी घेतला, त्याची तारीख आणि वेळ त्यावर असते. अँजिओप्लास्टीच्या कागदावरही वेळ असते. रक्त आधी घेतलेलं असेल, त्यात ट्रोपोनिन वाढलेलं असेल आणि दाखल करतानाच्या ईसीजीत बदल दिसत असेल, तर तुमच्या मालकांना हार्ट अटॅक आला होता आणि स्टेंट हा त्यावरचा इलाज होता. तसं असेल तर कंपनीला फेरविचाराचा अर्ज द्या आणि त्यात क्लेम हार्ट अटॅकचा आहे असं लिहा.

अंजायना निघाला तर मात्र मी आशा लावणार नाही. त्या कलमात तो बसत नाही. अशा वेळी ‘डॉक्टर, जरा एमआय लिहून द्या’ म्हणायला कुणी जाऊ नका. कंपनी दवाखान्याचं मूळ रेकॉर्ड मागवते, आणि त्यात खोटं सापडलं की पुढची सगळी दारं बंद होतात.

तुमच्याकडे रिपोर्ट नाहीत, उपचार महात्मा फुले योजनेतून झाले, कागद दवाखान्यातच राहिले, असंही तुम्ही लिहिलंय. एक म्हणजे, बिल सरकारी योजनेनं भरलं म्हणून हा क्लेम अडत नाही. मोठ्या आजाराच्या विम्यात बिलाचा हिशोब नसतो, ठरलेली रक्कम मिळते. दुसरं, दवाखान्याच्या रेकॉर्ड विभागात लेखी अर्ज द्या आणि सही-शिक्क्याच्या प्रती मागा. डॉक्टरांच्या आचारसंहितेच्या २००२ च्या नियमांप्रमाणं पेशंटनं रेकॉर्ड मागितलं तर ते ७२ तासांत द्यावं लागतं. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यायला विसरू नका. ‘उद्या या’ म्हणणाऱ्या खिडकीवर पोच घेतलेला अर्ज उपयोगी पडतो.

आणि बँकेकडून ‘सर्टिफिकेट ऑफ इन्शुरन्स’ मागा. कर्जाचा विमा बहुतेक गटविमा असतो. मूळ पॉलिसी बँकेच्या नावावर आणि कर्जदाराला हा एक दाखला. कोणत्या घटनेला किती पैसे, सुरुवातीचे किती दिवस क्लेम चालत नाही, निदानानंतर पेशंट किती दिवस हयात असावा लागतो, हे सगळं त्यात आणि त्याच्या अटींत असतं. मोठ्या आजारासाठी सुरुवातीचे ९० दिवस आणि निदानानंतरचे ३० दिवस अशा अटी सर्रास दिसतात. कर्ज घेताना सही केलेलं तब्येतीचं जाहीरपत्रही मागून घ्या. बीपी-शुगरचे रकाने एजंटानं परस्पर ‘नाही’ म्हणून भरलेले असतात आणि तेच नंतर नडतं.

कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी अर्ज द्या, आयआरडीएआयच्या बीमा भरोसा पोर्टलवर किंवा १५५२५५ या नंबरवर नोंद करा. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पुन्हा नकार आला, तर विमा लोकपालाकडं, म्हणजे विम्याच्या तक्रारींवर निवाडा देणाऱ्या अधिकाऱ्याकडं, जाता येतं. कोल्हापूर पुण्याच्या लोकपाल कार्यालयाच्या हद्दीत येतं. फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतचा दावा चालतो. सगळे कागद पोचल्यावर तीन महिन्यांत निवाडा द्यायचा असतो आणि तो कंपनीवर बंधनकारक असतो. तुम्हाला तो पटला नाही तर तुम्ही ग्राहक आयोगात जाऊ शकता. लोकपालाकडं जायची मुदत कंपनीच्या नकारापासून एक वर्ष आहे, ग्राहक आयोगाची दोन वर्षं. तुमच्या पत्रावर कोणती तारीख आहे ते सगळ्यात आधी बघा.

आता तुमच्या दुसऱ्या मुद्द्याकडं येतो. ‘आजारपणात हप्ता कंपनी भरणार, असं सांगितलं होतं.’ हे वाक्य मी इतक्यांच्या तोंडून ऐकलंय की त्यामागची कळकळ मला कळते. नुसतं आजारी पडून घरी बसलं म्हणून दर महिन्याचा हप्ता भरणारा विमा आपल्याकडच्या कर्जासोबत क्वचितच मिळतो. तसा विमा ब्रिटनमध्ये सर्रास विकला जायचा. आजारपण, अपघात किंवा नोकरी गेली की साधारण वर्षभर हप्ते भरायचे, अशी त्याची बांधणी होती. तिथंही तो नको त्या माणसांच्या गळ्यात मारला गेला, आणि बँकांना ३८ अब्ज पौंडांहून जास्त रक्कम परत द्यावी लागली. भरपाई मागायची शेवटची तारीख २९ ऑगस्ट २०१९ होती. तिकडचे व्हिडिओ बघून आपल्याकडचा माणूस बँकेत जातो आणि हात हलवत परत येतो. आपल्याकडच्या कर्जसुरक्षेत मृत्यू, अपघाती अपंगत्व, यादीतले मोठे आजार आणि कधीकधी नोकरी जाणं, एवढंच असतं. नोकरी जाण्याच्या कलमात स्वतः राजीनामा दिलेला चालत नाही. म्हणून तब्येत बरी नाही म्हणून मालकांना राजीनामा द्यायला लावू नका, मुकादम कितीही मागं लागला तरी.

अपघात मात्र वेगळा. भट्टीजवळ पाय भाजला, इचलकरंजीत मागावर बोटं सापडली, अशा वेळी अपघात विम्यात तात्पुरत्या असमर्थतेचं कलम असेल तर आठवड्याला ठरलेली रक्कम मिळते. इथं क्लेम अडतो तो डॉक्टरांच्या सर्टिफिकेटवर. ‘आराम करावा’ एवढंच लिहिलेलं चालत नाही. ‘अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत कामास पूर्णपणे असमर्थ’ असं लागतं, आणि कारखान्याच्या हजेरीपटावर तेच दिवस गैरहजर दिसावे लागतात. कळवायला उशीर झाला म्हणूनही गप्प बसू नका. न टाळता येणाऱ्या कारणानं उशीर झालेला खरा क्लेम केवळ उशिरापायी नाकारू नका, असं आयआरडीएआयनं २०११ सालीच कंपन्यांना कळवलेलं आहे.

हप्त्याचे पैसे कुठून आणायचे, या तुमच्या प्रश्नाला मी विम्याकडं बोट दाखवणार नाही. मी ईएसआय, म्हणजे कामगारांचा सरकारी राज्य विमा, दाखवतो. तुम्ही त्याचा एका शब्दानंही उल्लेख केलेला नाही, आणि मला सगळ्यात जास्त काळजी त्याचीच वाटते. मालकांच्या पगारपत्रकावर ‘ईएसआय’ म्हणून ०.७५ टक्के कपात दिसते का? महिना २१ हजारांपर्यंत पगार असलेल्या कामगाराला साधारणपणे ती लागू असते. ती होत असेल आणि आधीच्या सहामाहीत किमान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असेल, तर आजारपणाच्या रजेत पगाराच्या ७० टक्के रक्कम वर्षाला ९१ दिवसांपर्यंत मिळते. दीर्घ आजारांची ३४ नावांची एक यादी आहे, त्यात हृदयविकाराचे काही प्रकारही येतात. त्यात बसलं आणि नोकरी-वर्गणीच्या अटी पुऱ्या होत असतील, तर ८० टक्के दरानं दोन वर्षांपर्यंतही लाभ मिळू शकतो. त्यासाठी ईएसआयच्या डॉक्टरांचं सर्टिफिकेट लागतं. खासगी दवाखान्यात उपचार झाले असतील तर तिथले कागद घेऊन ईएसआयच्या दवाखान्यात जा आणि मागच्या दिवसांचं सर्टिफिकेट मिळतं का ते विचारा. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल पट्ट्यात कितीतरी कामगार वर्षानुवर्षं ही कपात देतात आणि आजारपणात एक रुपया मागत नाहीत. हे पैसे त्यांच्याच घामाचे आहेत.

आणि हप्ता चालू ठेवा असं मी का लिहिलं? क्लेमचा निकाल लागेपर्यंत बँक थांबत नाही. खात्यात पैसे नसताना मँडेट (खात्यातून हप्ता आपोआप वळता करायची सूचना) आलं की बाउन्सचे पैसे कर्जाच्या बाजूनंही लागतात आणि खात्याच्या बाजूनंही. ९० दिवसांपेक्षा जास्त थकलं की खातं एनपीए, म्हणजे बुडीत धरलेलं, होतं. पतसंस्थेचं कर्ज असेल तर १०१ चा दाखला (सहकार कायद्यातला वसुलीचा दाखला) निघून जामीनदाराच्या पगाराला हात लागतो, म्हणजे दुखणं तुमच्या घरात आणि कपात दिराच्या किंवा मेव्हण्याच्या पगारात. पैसेच नसतील तर हप्त्याच्या तारखेआधी बँकेला लेखी द्या : आजारपण आहे, डिस्चार्ज कार्ड जोडलंय, काही महिने हप्ता कमी करा किंवा मुदत वाढवून द्या. बँकेवर तशी सक्ती नाही. पण तारखेआधी पोच घेऊन दिलेला अर्ज आणि बाउन्स झाल्यावर फोनवर केलेली विनवणी, यात फार फरक पडतो.

एवढं मात्र कराच : हप्ता भरायला सावकाराकडं जाऊ नका. महिन्याला शेकडा पाच-दहानं घेतलेल्या पैशातनं घरकर्जाचा हप्ता भरणारी घरं मी बघितली आहेत. माणूस उठून कामाला लागला तरी ती घरं वर आली नाहीत.

विमा गळ्यात मारला, हे तुमचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे आणि त्यावर तुम्ही चिडायलाच पाहिजे. कर्जासाठी विमा घेण्याची सक्ती बँकेला करता येत नाही. एकरकमी हप्ता कर्जातच मिळवला की त्यावर वर्षानुवर्षं व्याजही आपणच भरतो. नवीन कर्ज घेणाऱ्यांनी लक्षात ठेवा, १ ऑक्टोबर २०२४ पासून बँकेला कर्जाची मुख्य माहिती एका पत्रकात द्यावी लागते आणि विम्याचा खर्च वार्षिक दरात धरून दाखवावा लागतो. पॉलिसी नको असेल तर कागद हातात आल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते. तुमची ती मुदत गेली. पण तुम्ही पैसे भरलेत, म्हणून त्या पॉलिसीत जे कलम बसतं ते सोडू नका, एवढंच माझं म्हणणं आहे.

डिस्चार्ज कार्डवरची डायग्नोसिसची ओळ आणि नकारपत्राची तारीख, या दोनच गोष्टी मला इथं लिहून कळवा. रिपोर्टचे फोटो, पॉलिसी नंबर, आधार असलं काही इथं टाकू नका, हे सगळ्यांना दिसतं. एमआय असेल तर फेरविचाराच्या अर्जाचा मसुदा मी लिहून देतो. आणि मालकांना विचारून ठेवा, पगारपत्रकावर ईएसआयचा नंबर आहे का.