आधी मागचा शॉकअप बघा, मग 'बस मागे' म्हणा

ओळख होऊन चार दिवस झालेले नसतात. बोलता बोलता बाइकचा विषय निघतो आणि पठ्ठ्या म्हणतो, 'चल रविवारी, दीडशे किलोमीटर मारून येऊ, बस मागे.' पुढे वर्षभर हाच त्या राईडच्या आठवणी रंगवून सांगतो. मागे बसलेल्याला कुणी विचारत नाही. त्याच्या लक्षात राहतात ते आखडलेले गुडघे, प्रत्येक गिअरला समोरच्या हेल्मेटवर आपटणारं डोकं, खड्ड्यागणिक मणक्यात जाणारी कळ आणि पोटरीवरचा सायलेन्सरचा डाग. डोकं फिरतं ते यामुळे, की निघण्याआधी अर्धा तास दिला असता तर यातलं बहुतेक सगळं टळलं असतं.

बाइक एकट्याच्या वजनाला लावलेली आणि तिच्यावर डबलसीट सुटायचं, इथूनच सगळं बिघडतं. मागच्या शॉकअपच्या स्प्रिंगखाली पाच-सात खाचांची रिंग असते. ती फिरवली की स्प्रिंग घट्ट किंवा सैल होते. त्यासाठी हुकसारख्या टोकाचा पाना लागतो आणि बऱ्याच बाइकच्या टूलकिटमध्ये तो असतोही. तरी गाडी घेतल्यापासून त्या रिंगला हात न लावलेले लोक ढिगाने सापडतील! मागे साठ-सत्तर किलो वाढले की स्प्रिंग आधीच अर्धी दबते, मोठ्या खड्ड्यात शॉकअप तळाला जाऊन ठोकतो आणि तो दणका थेट मागच्याच्या कमरेत बसतो, कारण तो जवळजवळ चाकाच्या डोक्यावर बसलेला असतो. गाडीची शेपूट खाली गेली की पुढचं चाक हलकं पडतं. हँडल उशिरा उत्तर देतं, वळणात गाडी बाहेर पळते, मेन स्टँड रस्त्याला घासतो आणि रात्री हेडलाइट समोरून येणाऱ्याच्या डोळ्यात जातो.

हे मोजायला टेप पुरते. गाडी मेन स्टँडवर घ्या, मागचं चाक अधांतरी ठेवा आणि चाकाच्या अक्षापासून सरळ वर सीटखालच्या एखाद्या नटापर्यंतचं अंतर घ्या. मग स्टँड काढून दोघं बसा आणि तिसऱ्याला पुन्हा मोजायला सांगा. दोन मापांतला फरक म्हणजे गाडी किती दबली. चाकाची वर-खाली एकूण हालचाल १२० मिमी असेल तर ३५-४० मिमी दबलेलं ठीक. ६०-७० दबत असेल तर रिंग एकेक खाच घट्ट करत जा. दोन शॉकअप असतील तर दोन्हीकडे सारखीच खाच हवी. शेवटच्या खाचेवरही भागत नसेल तर स्प्रिंग थकली आहे किंवा वजनच जास्त आहे. गाडीच्या पुस्तिकेत जास्तीत जास्त वजन दिलेलं असतं आणि त्यात दोघं, बॅगा, मागचा बॉक्स, सगळं धरायचं असतं.

हवेचंही तेच. चेनच्या कव्हरवर किंवा मागचं चाक धरणाऱ्या आर्मवर स्टिकर असतो, त्यावर एकट्यासाठी वेगळा आणि दोघांसाठी वेगळा आकडा छापलेला असतो. कुणी वाचत नाही. मागच्या टायरला २९ ऐवजी ३३ पीएसआय, असा काहीसा फरक असतो आणि तो थंड टायरसाठी असतो. वीस किलोमीटर तापलेल्या टायरवर गेज लावलं तर आकडा जास्त दिसणारच, 'हवा बरोबर आहे' म्हणून पुढे निघू नका. चेन खडखडते म्हणून कुणी ती तारेसारखी ताणतो, तेही घातक. दोघांच्या वजनाने आर्म वर जातो तशी चेन आणखी ताणली जाते आणि भार गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर येतो. ढील पुस्तिकेत दिलेली तेवढीच ठेवा.

आणि हेल्मेट! स्वतःला महागातलं, नव्या माणसाला माळ्यावरचं धूळ खात पडलेलं. कधी तरी आपटलेलं हेल्मेट असेल तर आतला थर्माकोल दबलेला असतो. वरून साधा ओरखडासुद्धा दिसत नाही, पण पुढचा मार ते शोषणार नाही. द्यायच्या आधी पट्टा लावून मागून वर ढकलून बघा. डोक्यावरून निघून येत असेल तर ते निरुपयोगी.

आता सांगायच्या गोष्टी. नवा माणूस आयुष्यात पहिल्यांदा मागे बसत असेल, हे यांच्या डोक्यातच येत नाही. गाडी साइड स्टँडवर असतानाच 'चढ' म्हणतात, सगळं वजन त्या एका पायावर येतं आणि तो वाकतो. स्टँड वर घ्या, दोन्ही पाय जमिनीवर रोवा, पुढचा ब्रेक दाबून धरा, आणि मगच त्याला चढू द्या. सायलेन्सर उजवीकडे असेल तर डावीकडून. मागचे फुटरेस्ट आधी उघडून द्या. महिनोन्महिने न वापरलेले फुटरेस्ट मातीने आखडलेले असतात, ऐन वेळी पाय शोधत सायलेन्सरवर टेकतो. भाजलंच तर किमान २० मिनिटं वाहत्या साध्या पाण्याखाली धरा, टूथपेस्ट फासू नका. ओढणी, स्कार्फ, बॅगेचा लोंबता पट्टा चेनपासून लांब बांधा. पाठीवर जड सॅक देऊच नका, प्रत्येक पिकअपला ती त्याला मागे खेचते.

वळणात काय करायचं ते तर सांगायलाच हवं. घाबरलेला माणूस गाडी झुकली की उलट्या बाजूला ताठ होतो, मग तेच वळण घ्यायला गाडी आणखी झुकवावी लागते. वळण ज्या बाजूला, त्या बाजूच्या तुमच्या खांद्यावरून पुढे बघ, एवढं एक वाक्य पुरतं. खुणाही ठरवा: मांडीवर एक थाप म्हणजे हळू, दोन म्हणजे थांब. हेल्मेट आणि वाऱ्यात ओरडलेलं काही ऐकू येत नाही.

ब्रेकचा राग सगळ्यात जास्त आहे. एकट्याच्या सवयीने पुढचा ब्रेक एकदम ओढतात, मागचा माणूस पाठीवर येऊन आदळतो आणि त्याचं वजन ब्रेक लावणाऱ्याच्याच मनगटांवर येतं. मागच्या चाकावर आता जास्त भार आहे, त्यामुळे मागचा ब्रेकही नेहमीपेक्षा जास्त काम करतो. दोन्ही लावा, आधी हलके, मग जोर वाढवत. ताशी ६० ला एका सेकंदात जवळपास १७ मीटर जातात. पुढच्या गाडीला चिकटून चालाल तर हळुवार ब्रेक लावायला जागाच उरत नाही. ओव्हरटेकलाही आधीपेक्षा जास्त मोकळा रस्ता लागतो.

आणि मागच्याने 'हळू घे' म्हटलं की हसतात. 'घाबरलास?' म्हणत आणखी थ्रॉटल पिळतात. त्याच्या हातात ना हँडल, ना ब्रेक. पुढचा खड्डासुद्धा त्याला तुमच्या पाठीमुळे दिसत नाही. घाबरणारच! पहिल्या पाच किलोमीटरला गाडी बाजूला घ्या आणि उतरून नीट विचारा. मग पाऊण-एक तासाने थांबा, कारण त्याचे गुडघे तुमच्यापेक्षा जास्त दुमडलेले असतात आणि सीट अर्धीसुद्धा नसते.

घरी पोचल्यावरही घाई करू नका. इंजिन बंद झालं की मागचा न सांगता पाय टाकतो, गाडी एका बाजूला कलंडते आणि दीडशे किलोमीटर सुखरूप आलेले दोघं दारात आडवे होतात. पाय रोवा, ब्रेक धरा, 'उतर' म्हणा आणि तो पूर्ण बाजूला झाल्यावरच स्टँड लावा.