किरकोळ जमा

गेल्या शनिवारी सायंकाळी एका आजोबांनी माझ्या हातात दहा रुपयांची नोट कोंबली, "च्या घ्या" असे सांगितले आणि गुडघ्यावर हात ठेवून ते एकेक पायरी उतरत निघून गेले. मी मिरजेतील एका दवाखान्याची व्यवस्थापक आहे. माझ्या नावाची पाटी दारावर आहे, रुग्णालय व्यवस्थापनाची पदविका चौकटीत बसवून भिंतीवर लावलेली आहे, आणि सतरा वर्षांच्या नोकरीत मला कोणी बक्षिशी दिल्याचा हा पहिलाच प्रसंग आहे. नोट कोरी होती, एवढीच काय ती जमेची बाजू.

त्या दिवशी अस्थिरोगतज्ज्ञांची वेळ पाचची होती. ज्या गावात 1894 साली डॉक्टर वान्लेस यांनी मिशनचे रुग्णालय उभारले आणि जिथे आजही सतारींच्या दुकानांपेक्षा दवाखान्यांच्या पाट्या अधिक दिसतात, त्या गावात एक तज्ज्ञ एकाच ठिकाणी बसत नाही; तो सकाळपासून तीन-चार ठिकाणी थोडा थोडा असतो आणि कुठेच पुरेसा नसतो. त्यामुळे त्यांच्या येण्याबद्दल बोलण्याचे काम माझ्याकडे येते. "निघालेत" असे मी म्हटले, तर ते अजून शस्त्रक्रियागृहात आहेत असे समजावे. "वाटेत आहेत" म्हणजे त्यांनी फोन उचलला. "पाचच मिनिटे" याचा अर्थ मला काहीही माहीत नाही. सीमेपलीकडून, अथणी-रायबागकडून, पहाटेच्या गाडीने आलेल्या माणसांना हेच सारे मी माझ्या मोडक्या कानडीत "बरतारी, बरतारी" म्हणून सांगते, आणि ती माणसे बिचारी विश्वास ठेवतात, याची मला मनापासून लाज वाटते.

पावणेसहाच्या सुमारास टोकन क्रमांक एकोणीस, म्हणजे हे आजोबा, खुर्चीवरून उठून माझ्या दारात आले. डोक्याला पांढरी टोपी, हातात क्ष-किरणाच्या फिल्मची कापडी पिशवी, आणि चेहऱ्यावर वेळेला तोटा नसलेल्या माणसाची शांतता.

"सिस्टर, डॉक्टर कवा येत्यात?"

"निघालेत," मी म्हणाले. "आणि मी सिस्टर नाही, आजोबा."

"मंग डॉक्टरीण हायसा व्हय?"

"नाही. मी इथली व्यवस्थापक आहे."

त्यांनी हा शब्द तोंडात घोळवून पाहिला, दारावरची पाटी पाहिली, मला पाहिले, आणि समजूत पटल्यासारखी मान हलवली. "म्हंजी कंपौंडर."

येथेच मी "हो" म्हणायला हवे होते. पण सकाळपासून पाण्याचा टँकर आला नव्हता, स्वागतकक्षातील मुलगी साखरपुड्यासाठी रजेवर होती आणि बदलीची मुलगी टोकनांऐवजी लोकांना नावाने हाका मारत होती. अशा मनःस्थितीत माणूस पदनामाला चिकटून बसतो. मी "नाही" म्हणाले, आणि आजोबा समोरच्या खुर्चीवर ऐसपैस बसले.

"आमच्या गावात डॉक्टरकडं कंपौंडर हुता," ते सांगू लागले. "बाटली आपुन घरनं न्यायची. त्यो गुलाबी औषद भरायचा. मंग कागदाची पट्टी दुमडून कातरीनं कोपरं कातरायचा आन् खळ लावून बाटलीला डकवायचा. एका खाचंपत्तर सकाळी, दुसऱ्या खाचंपत्तर रातच्याला. डॉक्टर नसला तरी चालायचं, पर त्यो नसला की मानसं माघारी जायची. तसं औषद करताय का तुमी?"

"नाही."

"सुई?"

"नाही."

"पट्टी बांधताय?"

"नाही."

"बीपी तरी बगताय का न्हाई?"

या प्रश्नावर मी अडखळले, कारण रक्तदाब मी तपासते, पण तो दवाखान्यात नव्हे, घरी. माझ्या सासूबाईंनी गल्लीत फार पूर्वीच सांगून ठेवले आहे की "आमची सून दवाखान्यात असते", आणि गल्लीने त्यातून आपल्या सोयीचा अर्थ काढला आहे. रात्री जेवायला बसले की शेजारच्या काकू दंड उघडा करूनच दारात येतात. सुरुवातीला मी हे माझे काम नाही असे सांगून पाहिले. तेव्हा "शिकलेल्या माणसाला गर्व असतो" असे उत्तर भिंतीपलीकडून ऐकू आले. शेवटी मी एक डिजिटल यंत्र विकत घेतले. सध्या आमच्या घरी रोज सरासरी तीन दंड तपासले जातात आणि यजमान त्यांच्यासाठी चहा ठेवतात. सासूबाईंचा स्वतःचा रक्तदाब मात्र दुसऱ्याच डॉक्टरांकडे तपासला जातो, कारण, त्यांच्याच शब्दांत, "तुमच्याकडं फार वेळ बसवून ठेवतात."

हे सर्व आजोबांना सांगण्यासारखे नव्हते. मी पुन्हा "नाही" म्हणाले.

आजोबा पुढे झुकले. त्यांच्या स्वरात कुचेष्टा नव्हती. एखाद्याच्या बैलाला काय झाले आहे हे विचारावे, तशी खरी काळजी होती. "मंग पोरी, दिसभर हितं करतीस तरी काय?"

हा प्रश्न मला यापूर्वी माझ्या मुलाने, आयकर विवरणपत्र भरणाऱ्या सद्गृहस्थांनी आणि एकदा खुद्द दवाखान्याच्या मालकांनीही विचारलेला आहे. मी ठरवले की आज याचे नीट उत्तर द्यायचे. म्हणून मी त्यांना कचऱ्यापासून सांगायला सुरुवात केली, आणि तीच माझी चूक झाली. रक्ताने माखलेला कापूस पिवळ्या पिशवीत जातो, सलाइनच्या नळ्या लाल पिशवीत, सुया पांढऱ्या, न टोचणाऱ्या डब्यात आणि काचेच्या बाटल्या निळ्या खोक्यात; 2016 च्या नियमांनुसार प्रत्येक पिशवीवर बारकोड लागतो आणि प्रक्रिया न केलेला कचरा अठ्ठेचाळीस तासांपेक्षा जास्त ठेवता येत नाही; एखाद्याने पिवळ्या पिशवीत सुई टाकली तर ती कचरा उचलणाऱ्या मुलाच्या हातात घुसते, म्हणून मी रोज सकाळी चारही ठिकाणी स्वतः डोकावते. हे सांगताना माझा आवाज किंचित चढला होता.

आजोबांनी सारे लक्षपूर्वक ऐकले. "म्हंजी झाडलोट," ते म्हणाले.

मी लसींच्या फ्रीजकडे वळले. तो दोन ते आठ अंशांच्या मध्ये राहिलाच पाहिजे, त्याचे तापमान दिवसातून दोनदा वहीत लिहावे लागते, आणि रात्री ते बिघडले तर माझ्या फोनवर गजर होतो. लस तापू नये एवढे सर्वांना ठाऊक असते. पण हिपॅटायटिस बीसारखी लस गोठली तरी ती वाया जाते, ही गोष्ट मी आजवर निदान चाळीस जणांना समजावली असेल. गेल्या मे महिन्यात रात्री दोन वाजता असाच गजर झाला, तेव्हा पारा दीड अंशावर उतरला होता. यजमान आता काही विचारत नाहीत, ते झोपेतच स्कूटरची किल्ली काढतात. सासूबाईंनी मात्र उठून विचारले, "कोण सिरीयस आहे गं?" मी "फ्रीज" म्हणाले. तेव्हापासून घरातील फ्रीज किंचित घरघरला तरी त्या मला हाक मारून "तुझा पेशंट बघ" असे सांगतात, आणि मी हट्टाने त्यात तापमापक ठेवला तेव्हा "यात लसी नाहीत, आमटी आहे" असेही त्यांनी मला सुनावले होते.

"राखण," आजोबा म्हणाले, आणि त्यांनी दुसरे बोट मिटले. ते मोजत होते, हे माझ्या तेव्हा लक्षात आले.

मी अखेरचे अस्त्र काढले. आमच्याकडे सोनोग्राफीचे यंत्र आहे; गर्भलिंग निदानबंदीच्या कायद्यानुसार गरोदर स्त्रीच्या प्रत्येक तपासणीचा एफ नमुना भरावा लागतो आणि मागील महिन्याचा अहवाल पाच तारखेच्या आत सक्षम अधिकाऱ्याकडे गेला पाहिजे. एक रकाना कोरा राहिला तरी यंत्राला टाळे लागू शकते. त्यामुळे महिन्याच्या चार तारखेला मी घरी कोणाच्याही वाढदिवसाला उपलब्ध नसते, आणि माझ्या मुलाचा जन्म, दुर्दैवाने, चार तारखेचा आहे.

"ह्ये तलाठ्यागत झालं," आजोबा म्हणाले, आणि प्रथमच त्यांच्या आवाजात आदर आला. मलाही बरे वाटले. पण ते क्षणभरच. त्यांनी मिटलेल्या तीन बोटांकडे पाहिले आणि त्यांचा चेहरा उजळला. "झाडलोट, राखण, आन् तलाठ्याच्या हाताखालचं लिवणं. आवो ताई, तुमी कोतवाल! आमच्या गावचा कोतवाल बी ह्येच करतोय. त्यो आन् सायेब आलं की हाळी देतोय."

मी यावर काही बोलणार, तेवढ्यात खाली गाडीचा दरवाजा वाजला. सवयीने मी खुर्चीवरून उठले, दाराबाहेर आले आणि सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "चला, डॉक्टर आले!"

माझ्या मागे आजोबा समाधानाने हसले.

डॉक्टर एक तास पाच मिनिटे उशिरा आले होते. तासभर माझ्या दारात येऊन चौकशी करणारी, एकदा तर "तुम्हाला लाज वाटत नाही का?" असे मला विचारणारी माणसे त्यांना पाहून उठून उभी राहिली आणि हात जोडू लागली. आठव्या क्रमांकाच्या बाईंनी तर "दमला असाल, आधी चहा घ्या" असे म्हटले. मला याचा हेवा वाटत नाही, असे मी नेहमी सांगते. पण खरे सांगायचे तर वाटतो. उशीर त्यांचा असतो आणि बोलणी माझी असतात. औषध लागू पडले तर हातगुण त्यांचा, बिलात चूक झाली तर नाव माझे. दिवाळीच्या आधी एका नातेवाइकाने सर्व कागदांसह फाइल माझ्या अंगावर भिरकावली, तेव्हा मी जमिनीवरचे कागद गोळा करता करता भिंतीवरचा फलक वाचत होते. दवाखान्यातील हिंसाचाराविरुद्ध राज्याचा 2010 चा कायदा आहे आणि त्याचा फलक मीच छापून घेऊन मीच तेथे टांगला आहे. त्या रात्री मी कायदा काढून वाचला. त्यात डॉक्टर आहेत, परिचारिका आहेत, दोन्हींचे विद्यार्थी आहेत, निमवैद्यकीय कर्मचारी आहेत. व्यवस्थापक हा शब्द काही मला त्या यादीत सापडला नाही. वकिलांना विचारावे असे वाटले होते, पण दुसऱ्या दिवशी पाच तारीख होती.

असो. आजोबा तपासणी करून बाहेर आले, तेव्हा डॉक्टरांनी त्यांना गुडघ्याचा व्यायाम आणि वजन कमी करण्याचा सल्ला दिला होता, आणि औषध फार लिहून दिले नव्हते, त्यामुळे ते थोडे खट्टू होते. जाता जाता ते माझ्या दारात थांबले. डॉक्टरांकडे न काढलेली ती दहाची नोट त्यांनी बंडीच्या आतल्या खिशातून काढली आणि मी "अहो, नको, नको" म्हणत असताना माझ्या मुठीत बंद केली. "तासभर बोलत बसलीस म्हनून बसवलं गं मला. न्हाईतर कवाच माघारी गेलो असतो."

त्यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते. मी नोट टेबलावर स्टेपलरखाली ठेवली आणि कामाला लागले.

रात्री नऊ वाजता गल्ला मोजला, तर तो जुळेना. रक्कम कमी भरली असती तर मला समजले असते. ती दहा रुपयांनी जास्त होती. बदलीची मुलगी रडवेली झाली. आम्ही एकोणसाठ पावत्या दोनदा तपासल्या, मोबाइलवरून आलेले पैसे वेगळे काढले, ड्रेसिंगचे आणि लसीकरणाचे पैसे वेगळे मांडले. घरून तीन फोन आले; तिसऱ्या फोनवर यजमानांनी अतिशय संयमाने सांगितले की काकू दंड उघडा करून बसल्या आहेत. पाऊण तास गेल्यावर ती मुलगी चाचरत म्हणाली, "मॅडम, तुमच्या टेबलावर स्टेपलरखाली एक नोट पडली होती, ती मी गल्ल्यात टाकली. पेशंटची राहिली असेल असं वाटलं."

मी नोट काढून घेऊ शकले असते. पण दिवसाची रोकड एव्हाना संगणकात चढली होती आणि चढलेली रक्कम कमी करायला मालकांची परवानगी लागते. दहा रुपयांसाठी त्यांना फोन करून काय झाले ते सांगण्याची माझी तयारी नव्हती. मुलीने विचारले, "कोणत्या सदरात टाकू?" यादीत तपासणी होती, ड्रेसिंग होते, लसीकरण होते, प्रयोगशाळा होती. सगळ्यात खाली "किरकोळ जमा" होते.

"तिथे टाक," मी म्हणाले.

"आणि तपशिलात काय लिहू? तपशील भरल्याशिवाय पुढे जात नाही."

मी दिवे मालवत होते, फ्रीजचे तापमान पाहायचे राहिले होते, आणि खाली यजमान स्कूटरचा हॉर्न वाजवत होते.

"कोतवाल," मी म्हणाले.